हातांना काम देणारी आगगाडी

खेळण्यातली आगगाडी म्हटली, की गोल रुळांवर फिरणारी गाडी डोळ्यांसमोर येते. कळ दाबली की ती धावते, दहा-पंधरा फेऱ्या होतात आणि मूल दुसऱ्या खेळाकडे वळते. मोठ्या माणसांच्या छंदातली लघुरेल्वे मात्र निराळी असते. तिथे गाडी धावण्याचा भाग सर्वांत थोडक्या वेळाचा. त्याआधी काही महिने, कधी काही वर्षे, कोणीतरी टेबलाशी बसून डोंगर उभा केलेला असतो, चाळलेली खडी रुळांमध्ये पसरलेली असते, पुठ्ठ्यातून डब्यांच्या खिडक्या कापलेल्या असतात, मालगाडीच्या वाघिणींवर गंज रंगवलेला असतो. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांना असेच एक छोटे जग दाखवत आले आहे. बघणाऱ्यांची नजर साहजिकच गाडीच्या मागे धावते. पण अशा दालनातली बरीचशी मेहनत जागच्या जागी उभ्या असलेल्या गोष्टींत मुरलेली असते.

या छंदाकडे दोन टोकांनी पाहिले जाते. काहींना तो पैसेवाल्यांचा पोरखेळ वाटतो, तर काहींना मेंदू तल्लख करणारे औषध. दोन्ही मते चुकीची आहेत. तयार संच विकत आणून फिरवण्यातून फारसे काही मिळत नाही. जे मिळते ते घडवण्यातून: मोजण्यातून, कापण्यातून, चुकण्यातून आणि चुकलेले पुन्हा करण्यातून. आज शाळकरी मुलांच्या हातातून आणि निवृत्त माणसांच्या दिवसातून नेमके हेच काम निघून चालले आहे. म्हणून या 'पोरखेळा'चा विचार आरोग्याच्या आणि शिक्षणाच्या अंगाने करायला हवा.

सत्त्याऐंशीचा पाढा

लघुरेल्वेत जगभर सर्वाधिक चालणारे प्रमाण 'एचओ' या नावाने ओळखले जाते. त्यात खरी वस्तू ८७ पट लहान होते. त्याचे रूळ एकमेकांपासून १६.५ मिलिमीटरवर असतात. या आकड्याला ८७ ने गुणले, की युरोप-अमेरिकेतल्या रेल्वेचे १४३५ मिलिमीटरचे अंतर मिळते. भारतातली ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटरची. ती ८७ ने लहान केली, तर रुळांत १९ मिलिमीटरहून थोडे जास्त अंतर हवे. म्हणजे भारतीय गाडी बनवायला बसलेल्या माणसापुढे पहिल्याच दिवशी पेच उभा राहतो. बाजारात मिळणारे रूळ वापरायचे आणि डबा चाकांच्या मानाने थोडा रुंद दिसला तरी चालवून घ्यायचे, की रूळही स्वतःच तयार करायचे?

पुढचा पेच लांबीचा. सध्याच्या एलएचबी डब्याची लांबी साधारण साडेतेवीस मीटर, म्हणजे या प्रमाणात २७ सेंटिमीटर. बावीस डब्यांची गाडी जोडली, तर ती इंजिन सोडूनच सहा मीटर होते. हुबळीचा १५०७ मीटरचा फलाट करायचा झाला, तर सतरा मीटरची खोली हवी. वळणांचेही तेच. भारतीय ब्रॉडगेजवर वळणाची त्रिज्या १७५ मीटरच्या खाली नेत नाहीत. ती लघुरेल्वेत दोन मीटर होते, तर घरातल्या टेबलावर जेमतेम अर्धा मीटर मिळतो. मग गाडी आठ डब्यांची होते, फलाट आखूड होतो आणि वळण तीव्र होते. तरीही बघणाऱ्याला ते स्थानक ओळखू आले पाहिजे. काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे ठरवावे लागते. हवामानाचे मॉडेल करणारा शास्त्रज्ञ आणि साथीच्या प्रसाराचे गणित मांडणारा डॉक्टर हेच करत असतात. वस्तुस्थिती जशीच्या तशी उतरवणारे मॉडेल कधीच नसते. कामाचे तेवढे राखून बाकीचे सोडून देण्याची ती शिस्त असते. ती शिस्त टेबलावर, कात्रीने, दहाव्या वर्षी शिकता येते.

सर्वांत रंजक धडा वजनाचा. लांबी ८७ पट कमी झाली, तर वजनही तेवढेच कमी व्हावे असे वाटते. प्रत्यक्षात ते लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींच्या गुणाकाराने कमी होते. म्हणजे ८७ गुणिले ८७ गुणिले ८७, साडेसहा लाखांहून अधिक पटींनी. चाळीस टनांचा डबा या हिशोबाने जेमतेम साठ ग्रॅमचा होतो. असा हलका डबा सांध्यावर उडतो, वळणावर आतल्या बाजूला कलंडतो. म्हणून १९३५ साली स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने वजनाचा एक ठोकताळा घालून दिला आहे. मुळात एक औंस आणि डब्याच्या लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. त्याप्रमाणे २७ सेंटिमीटरच्या डब्याचे वजन १८० ग्रॅमच्या आसपास जाते, म्हणजे हिशोबाच्या तिप्पट.

असे का? रुळांच्या जोडातली बारीकशी फट आणि चाकांचे घर्षण डब्याबरोबर ८७ पटींनी कमी होत नाही. मुंगी उंचावरून पडली तरी चालू लागते आणि घोडा पडला तर वाचत नाही, त्यामागेही आकार आणि वजनाचे हेच नाते आहे. जे. बी. एस. हाल्डेन या जीवशास्त्रज्ञाने १९२६ साली योग्य आकाराविषयीच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ते उलगडून दाखवले. पुस्तकातला हा धडा परीक्षेनंतर विसरला जातो. डब्याच्या तळाला दोन लोखंडी नट चिकटवल्यावर तीच गाडी तेच वळण सुखरूप घेते, हे पाहिलेले मूल तो सहसा विसरत नाही.

डोंगर निळा का दिसतो?

गाडी बनवताना हिशोब शिकावा लागतो, तसे देखावा बनवताना पाहायला शिकावे लागते. 'खडीचा रंग कोणता?' असे विचारले तर बहुतेक जण काळा किंवा करडा म्हणतील. रुळांजवळची खडी मात्र तपकिरीकडे झुकलेली असते, कारण ब्रेकच्या आणि चाकांच्या झिजेतून उडणारी लोखंडाची पूड तिच्यावर बसून गंजते. झाडाचे खोड शाळेच्या चित्रात तपकिरी असते, बाहेर बहुधा राखाडी. जवळचा डोंगर हिरवा आणि लांबचा फिका निळसर दिसतो, कारण मधल्या हवेत विखुरलेला निळा प्रकाश नजरेत मिसळतो. टेबलामागच्या भिंतीवर डोंगररांगा रंगवताना ही फिकट निळाई धरली, की दोन फुटांच्या देखाव्याला कोसभराची खोली येते.

बोरघाटाचेच उदाहरण घ्यावे. १८६३ साली सुरू झालेल्या या घाटमार्गाचा चढ ३७ मीटरला एक मीटर असा आहे. लघुरेल्वेतही साधारण एवढाच चढ झेपतो, त्यामुळे चढ जसाच्या तसा उतरतो. फसगत होते ती डोंगराची. परदेशी चित्रे पाहून केलेला टोकदार, गुळगुळीत उतारांचा डोंगर आल्प्सचा होतो. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला. त्याचे माथे सपाट, कडे सरळ तुटलेले आणि अंगावर आडव्या पायऱ्या. हे थर प्लास्टरमध्ये कोरायचे, तर घाटातून जाताना खिडकीबाहेर बघावे लागते. एरवी तोच प्रवास मोबाइलच्या पडद्यावर नजर खिळवून संपतो.

पाहण्याच्या या कामाला इंग्लंडमध्ये एका माणसाने आयुष्य दिले. ऑस्ट्रेलियातून आलेल्या रॉय इंग्लंड यांना दोन महायुद्धांच्या मधल्या काळात व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातली जुनी गवती छपरांची घरे मोडताना, बदलताना दिसली. त्यांनी ती मोजली, टिपून ठेवली आणि ७६ पट लहान करून उभी केली. त्यातून १९५४ साली ऑक्सफर्डशरमध्ये पेंडन संग्रहालय सुरू झाले. तिथल्या गाड्या त्या खोऱ्याच्या इतिहासाचे निमित्त आहेत. महाराष्ट्रातल्या नॅरोगेज गाड्या, कौलारू स्थानके आणि पाण्याचे हौदही असेच दिसेनासे होत आहेत. ते मोजून ठेवणारे हात तयार व्हायला हवेत.

बोटांची भाषा

लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये शल्यशिक्षणाचे प्राध्यापक असलेल्या रॉजर नीबोन यांनी २०१८ साली एक चिंता बोलून दाखवली होती. परीक्षेत उत्तम गुण मिळवून आलेल्या विद्यार्थ्यांना कापणे, शिवणे यांसारखी हातांची साधी कामे जड जात आहेत, असे त्यांचे निरीक्षण होते. पडद्यावर बोट फिरवण्यात बालपण गेले आणि शाळेतून हस्तकला हटली, तर शस्त्रक्रियेचा धागा किती ताणायचा हे बोटांना कळणार कसे, हा त्यांचा मुद्दा. लघुरेल्वे बनवली म्हणून कोणी शल्यविशारद होत नाही. पण पातळ प्लॅस्टिकवर पाते किती दाबायचे, गोंद किती लावायचा, चिमट्यात धरलेला कठडा किती वेळ स्थिर ठेवायचा, हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. ते बोटांतूनच यावे लागते.

वस्तू डोळ्यांपुढे नसताना तिचा आकार मनात फिरवून पाहण्याची क्षमता जन्मजात ठरलेली नसते, सरावाने वाढते, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या २१७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसून आले. सपाट पुठ्ठ्यावर डब्याच्या चार बाजू आखून त्यांची घडी घालणे हा याच क्षमतेचा सराव आहे. आणि सराव कुठवर नेईल, हे सांगता येत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत १९४६ साली विद्यार्थ्यांनी आगगाडीच्या मॉडेलांचा क्लब काढला. काही जण वर डबे आणि देखावे रंगवत, काही जण टेबलाखाली तारा आणि रिले जोडत. टेबलाखालच्या मंडळींना पुढे संगणकाने झपाटले, आणि संगणकाच्या जगात 'हॅकर' हा शब्द रुजवण्यात या क्लबचा मोठा वाटा आहे.

आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला, निवृत्तीनंतर, प्रश्न वेगळा असतो. तिथे वेळ मुबलक असतो, पण सकाळी उठून करायचे असे काही नसते. २०२३ साली 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात १६ देशांतल्या ६५ वर्षांवरील सुमारे ९३ हजार लोकांच्या माहितीवर आधारित अभ्यास आला. छंद असलेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी, तर आयुष्याबद्दलचे समाधान आणि स्वतःच्या आरोग्याबद्दलचे मत अधिक चांगले आढळले. इथे सावध राहायला हवे. मुळात ठणठणीत असलेला माणूस छंद जोपासतो, की छंदामुळे तो ठणठणीत राहतो, याचा निखळ निवाडा असे अभ्यास करू शकत नाहीत. त्यात छंद म्हणजे कोणताही छंद; लघुरेल्वेचा वेगळा विचार नाही. म्हणून 'डोंगर बनवा आणि स्मृतिभ्रंश टाळा' असे कोणी विकू लागले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण उद्या पूर्ण करायचे काम आज टेबलावर वाट पाहत आहे, याचे मोल कळायला आकडेवारीची गरज नाही. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात 'मेन्स शेड' ही चळवळ उभी राहिली, तीही याच जाणिवेतून. निवृत्त पुरुषांना समोरासमोर बसून मन मोकळे करणे अवघड जाते. शेजारी शेजारी उभे राहून लाकूड तासताना मात्र ते बोलू लागतात.

गोंद, धूर आणि डोळे

आरोग्याचे गोडवे गाताना या छंदातले धोके झाकून ठेवणे बरोबर नाही. क्षणात चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंद सांडला, की हात सुती फडक्याकडे जातो. हा गोंद कापसाशी वेगाने अभिक्रिया करतो, उष्णता निर्माण होते आणि कातडी भाजू शकते. प्लास्टर ऑफ पॅरिसही घट्ट होताना तापते. डोंगरावर पातळ थर लावताना ते जाणवत नाही. भांडेभर प्लास्टरमध्ये हात बुडवून ठेवला तर मात्र गंभीर इजा होते. ब्रिटनमध्ये २००७ साली कलेच्या तासाला हाताचा साचा घेण्यासाठी असे करणाऱ्या एका शाळकरी मुलीला आपली बरीचशी बोटे गमवावी लागली.

सोल्डरच्या तारेत राळ असते. तिचा धूर हे कामाच्या जागी जडणाऱ्या दम्याचे एक ज्ञात कारण आहे, आणि जुन्या पद्धतीच्या सोल्डरमध्ये शिसेही असते. म्हणून सोल्डरिंग खिडकीजवळ करावे, धुराच्या थेट वर तोंड धरू नये, काम झाल्यावर हात धुऊनच खावे आणि लहान मुलांना शिसेविरहित तार द्यावी. थर्मोकोल तापलेल्या तारेने कापताना निघणारा धूरही फुप्फुसांना चांगला नाही. गणपतीच्या मखरांमुळे हे काम अनेकांच्या परिचयाचे आहे, पण परिचयाचे म्हणजे निर्धोक नव्हे. डोंगराच्या सांगाड्यासाठी रद्दी वर्तमानपत्र, गोणपाट आणि जाळी पुरेशी होते. रंगाचा फवारा मारताना आणि प्लास्टर घासताना मास्क हवाच.

डोळ्यांची काळजी वेगळी. चाळिशी लागल्यावर जवळचे बारीक काम चष्म्याशिवाय दिसत नाही, मग मान पुढे झुकते आणि खांदे दुखू लागतात. भिंग बसवलेला दिवा, कोपर टेकता येईल अशी टेबलाची उंची आणि दर वीसेक मिनिटांनी खिडकीबाहेर लांबवर नजर टाकण्याची सवय एवढ्यावर बरेच भागते.

किल्ला करणारे हात

हे सारे महाग आहे, हा आक्षेप मात्र खरा आहे. परदेशी इंजिने हजारो रुपयांना मिळतात आणि मध्यमवर्गीय घराला ती परवडत नाहीत. पण इंजिन हा या कामाचा एक छोटा भाग. बाकीचे साहित्य घरातच असते. वाळवलेला चहाचा चोथा जमिनीसाठी, रंगवलेला लाकडाचा भुसा गवतासाठी, घोसाळ्याची सुकलेली जाळी झुडपांसाठी, चाळलेली वाळू खडीसाठी, वह्यांचे पुठ्ठे डब्यांसाठी. गाडी हाताने ढकलली तरी डोंगर, बोगदा आणि स्थानक तेवढेच शिकवतात.

महाराष्ट्राला तर हे नवे नाही. दिवाळीत अंगणात दगड-माती रचून, त्यावर ओले गोणपाट टाकून, चिखल लिंपून आणि हळीव पेरून किल्ला करणाऱ्या पिढ्या देखावा बांधण्याचीच कला शिकत होत्या. बुरूज ढासळला की पुन्हा उभा करायचा, पायवाट पायथ्याला नीट उतरत नसेल तर पुन्हा खणायची. आता अंगणे गेली आणि बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले आले. किल्ला घरी येतो, पण मुलांच्या नखांत माती जात नाही. तयार रेल्वे-संचाचीही गोष्ट हीच आहे.

ही पोकळी एकट्या पालकांनी भरून निघणार नाही. हाताच्या कामातून शिक्षण हा विचार गांधीजींनी १९३७ साली वर्ध्यातच मांडला होता. पुढे कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात आला, आणि परीक्षा जवळ आली की गणित-विज्ञानाला दिला जाऊ लागला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवलेली आहे. या दहा दिवसांत शाळांनी आपल्या जवळचे रेल्वे किंवा एसटी स्थानक मोजावे आणि त्याचा देखावा वर्गात उभा करावा. पायऱ्या, छप्पर, झाड, पाणपोई, सगळे मुलांनीच मोजायचे, आखायचे आणि कापायचे. मदतीला गावातला सुतार आणि निवृत्त फिटर आजोबा बोलवावेत. त्यांचे हात अजून कामाचे आहेत आणि कोणी विचारण्याची वाट पाहत आहेत. ज्येष्ठ नागरिक संघांच्या सभागृहांतही भजन आणि व्याख्यानांच्या जोडीला एक मोठे टेबल, दोन कानशी आणि चांगला दिवा ठेवायला फारसा खर्च येत नाही.

रोबोटचे तयार संच आणि त्रिमितीय छपाई यंत्रे शाळेत जरूर असावीत. पण संचातले तुकडे एकमेकांत बसणारच असतात, कारखान्याने ते तसेच केलेले असतात. पुठ्ठा बसत नाही. तो वाकतो, फाटतो, दोन मिलिमीटर कमी पडतो. कमी का पडला हे शोधून दुसरा तुकडा कापावा लागतो. शिकणे घडते ते त्या दोन मिलिमीटरमध्ये, आणि मुलांना व आजोबांना तेवढी जागा करून देणे ही शाळांची, संस्थांची आणि घरांची जबाबदारी आहे.